चिंतामणराव देशमुख

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२) हे भारतीय अर्थप्रशासक, भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री, शिक्षणप्रशासक व संस्कृतज्ञ होते. ते सी. डी. देशमुख या नावानेही ओळखले जातात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्थांना जन्म देणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळाचे सदस्य होते. त्यानंतर सुमारे दहा वर्षे या दोन्ही संस्थांच्या गव्हर्नर मंडळांवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. गरीब देशांच्या विकासासाठी भांडवल कोठून यावे, ते कोणत्या अटींवर यावे आणि त्याबाबतच्या निर्णयांत त्या देशांचा वाटा किती असावा, हे प्रश्न जागतिक व्यासपीठावर मांडणाऱ्या पहिल्या पिढीतील भारतीयांमध्ये त्यांची गणना होते. मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ त्यांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही घटना महत्त्वाची मानली जाते.

जन्म आणि शिक्षण

चिंतामणरावांचा जन्म तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड जिल्हा) महाडजवळच्या नाते या गावी झाला. हे गाव रायगड किल्ल्याच्या वाटेवर आहे. त्यांच्या वडिलांचे नाव द्वारकानाथ गणेश देशमुख आणि आईचे भागीरथीबाई. वडील वकिली करीत. घराणे जमीनदारीचे असले तरी घरात श्रीमंतीपेक्षा विद्येची प्रतिष्ठा अधिक होती. त्यांचे बालपण कोकणातील लहान गावांत गेले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस आले व एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकू लागले.

१९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. संस्कृत विषयासाठी दिली जाणारी मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. संस्कृतची ही गोडी त्यांना अखेरपर्यंत पुरली. १९१५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञान शाखेत दाखल झाले. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९१७ मध्ये पदवी घेताना वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे देशाची तिजोरी सांभाळणाऱ्या या गृहस्थांनी विद्यापीठात अर्थशास्त्र ही मुख्य शाखा कधीच घेतली नव्हती, ही बाब लक्षणीय आहे. १९१८ मध्ये लंडन येथे झालेल्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

मध्य प्रांतातील सेवा

सनदी सेवेत चिंतामणरावांची नेमणूक मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात झाली. तेथे त्यांनी अवर सचिव, उपायुक्त व जमाबंदी अधिकारी अशी पदे सांभाळली. जमाबंदीचे काम म्हणजे गावोगाव फिरून जमिनीची प्रत ठरवणे, पिकांचा व पावसाचा अंदाज घेणे आणि त्यानुसार सारा निश्चित करणे. या कामामुळे शेतकऱ्याची मिळकत, त्याचे कर्ज आणि पावसाची अनिश्चितता यांचा परस्परसंबंध त्यांना प्रत्यक्ष पाहता आला. वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांच्या अभ्यासकाला माती आणि पीक हे विषय परके नव्हते.

१९३१ मध्ये लंडन येथे भरलेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात त्यांनी काम केले. या परिषदेस काँग्रेसच्या वतीने महात्मा गांधी उपस्थित होते. त्यानंतर ते मध्य प्रांत सरकारचे महसूल सचिव व वित्त सचिव झाले. मर्यादित उत्पन्नाच्या प्रांताचा जमाखर्च जुळवण्याचा हा अनुभव त्यांना पुढे उपयोगी पडला.

रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर

जुलै १९३९ मध्ये त्यांची रिझर्व्ह बँकेत संपर्क अधिकारी म्हणून नेमणूक झाली. थोड्याच काळात ते बँकेच्या केंद्रीय मंडळाचे सचिव व १९४१ मध्ये उपगव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे निधन झाले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणरावांनी गव्हर्नरपदाची सूत्रे स्वीकारली. ऑस्बोर्न स्मिथ व जेम्स टेलर यांच्यानंतरचे ते तिसरे गव्हर्नर आणि या पदावर आलेले पहिले भारतीय होते. त्या वेळी त्यांचे वय ४७ वर्षांचे होते.

तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. ब्रिटिश सरकार भारतात युद्धसामग्री, धान्य व कापड खरेदी करीत असे. त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा होई आणि त्या जमेच्या आधारे येथे रुपयाच्या नोटा छापल्या जात. परिणामी युद्धकाळात चलनातील नोटा सहापटीच्या आसपास वाढल्या आणि महागाई भडकली. १९४३ चा बंगालचा दुष्काळ याच काळातला. युद्धखर्चाचे धोरण रिझर्व्ह बँकेच्या हातात नव्हते. तरीही त्या धोरणाचे परिणाम बँकेलाच सांभाळावे लागत होते.

जानेवारी १९४६ मध्ये सरकारने वटहुकूम काढून ५००, १,००० व १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. काळा पैसा बाहेर येण्यासाठी हा उपाय फारसा फलदायी ठरणार नाही, असे चिंतामणरावांचे मत होते.

बँकेतील संशोधनकार्याला त्यांनी विशेष महत्त्व दिले. त्यांच्याच कारकीर्दीत बँकेचा संशोधन व सांख्यिकी विभाग विस्तारला आणि जानेवारी १९४७ पासून रिझर्व्ह बँकेचे मासिक वार्तापत्र नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागले. भारतीय अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकांना विश्वसनीय आकडेवारी मिळण्याची सोय त्यामुळे झाली. १९४८ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत दिलेल्या काळे स्मृती व्याख्यानात त्यांनी भारतातील मध्यवर्ती बँकेच्या वाटचालीचा आढावा घेतला.

ब्रेटन वुड्स परिषद

१ ते २२ जुलै १९४४ या काळात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वुड्स या ठिकाणी ४४ राष्ट्रांची चलन व वित्त परिषद भरली. युद्धोत्तर जगाची आर्थिक घडी बसवणे हा तिचा हेतू होता. भारत त्या वेळी परतंत्र होता, तरी त्याला स्वतंत्र शिष्टमंडळ पाठवता आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन हे शिष्टमंडळाचे नेते होते. चिंतामणराव देशमुख, सर थिओडोर ग्रेगरी, आर. के. षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे अन्य सदस्य होते.

भारताच्या बाजूने तीन मुद्दे प्रामुख्याने मांडले गेले. पहिला मुद्दा नाणेनिधीच्या उद्दिष्टांचा होता. नियोजित संस्थेने केवळ प्रगत राष्ट्रांच्या व्यापाराचा व चलनस्थैर्याचा विचार न करता, आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीचा पुरेपूर उपयोग होण्यासही साहाय्य करावे, अशी दुरुस्ती भारताने सुचवली. ती जशीच्या तशी मान्य झाली नाही. मात्र सर्व सदस्य देशांच्या उत्पादक साधनांचा विकास हा उल्लेख नाणेनिधीच्या उद्दिष्टांत आला.

दुसरा मुद्दा लंडनमध्ये अडकलेल्या पौंडांचा, म्हणजे स्टर्लिंग शिलकीचा होता. या शिलकीचा काही भाग तरी नाणेनिधीमार्फत अन्य चलनांत बदलून मिळावा, अशी भारताची मागणी होती. ब्रिटनचे प्रतिनिधी जॉन मेनार्ड केन्स यांनी हा ब्रिटन आणि त्याचे धनको यांच्यातला आपसातील व्यवहार असल्याची भूमिका घेतली आणि मागणी फेटाळली गेली.

तिसरा मुद्दा कोट्याचा होता. नाणेनिधीतील प्रत्येक देशाचा आर्थिक वाटा, त्याला मिळू शकणारे कर्ज आणि त्याची मतसंख्या ही सारी कोट्यावर ठरणार होती. भारताला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला. अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ, चीन व फ्रान्स यांच्यानंतर तो सहाव्या क्रमांकाचा होता. पुढे सोव्हिएत संघ नाणेनिधीत सामील झाला नाही. त्यामुळे भारत पाचव्या क्रमांकावर आला आणि संचालक मंडळावर स्वतःचा संचालक नेमण्याचा अधिकार त्याला प्राप्त झाला.

१९४६ ते १९५६ या काळात चिंतामणराव नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या गव्हर्नर मंडळांवर होते. १९५० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या वार्षिक सभेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. ऑगस्ट १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला रेल्वेसाठी ३ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. आशिया खंडातील देशाला बँकेने दिलेले हे पहिले कर्ज होय. त्यापाठोपाठ शेतीची यंत्रसामग्री आणि दामोदर खोऱ्यातील प्रकल्प यांसाठी कर्जे मिळाली.

स्टर्लिंग शिल्लक, फाळणी आणि राष्ट्रीयीकरण

युद्ध संपले तेव्हा भारताची स्टर्लिंग शिल्लक सुमारे १३० कोटी पौंडांच्या घरात होती. गरीब देशाने पोटाला चिमटा घेऊन केलेली ही सक्तीची बचत होती. ब्रिटनमधील काही मंडळींनी या कर्जात कपात करावी अशी मागणी लावून धरली होती. १९४७ व १९४८ मध्ये झालेल्या करारांनुसार ही रक्कम टप्प्याटप्प्याने मोकळी करण्यात आली. या वाटाघाटींच्या काळात रिझर्व्ह बँकेची धुरा चिंतामणरावांकडे होती. याच शिलकीतून स्वतंत्र भारताने पहिल्या वर्षांत अन्नधान्य व यंत्रे आयात केली.

देशाची फाळणी झाली तेव्हा चलन व बँकेची मालमत्ता यांची विभागणी करावी लागली. स्वातंत्र्यानंतरही काही महिने रिझर्व्ह बँकच पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहत होती. ३० जून १९४८ नंतर ही व्यवस्था संपली. मुळात भागधारकांच्या मालकीची असलेली रिझर्व्ह बँक १ जानेवारी १९४९ रोजी सरकारी मालकीची झाली. त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारा सर्वंकष कायदा अमलात आला. उद्योगांना दीर्घ मुदतीची कर्जे देणारे भारतीय औद्योगिक वित्त महामंडळ १९४८ मध्ये स्थापन झाले. देशातील विकास वित्तसंस्थांची ही सुरुवात होती. ३० जून १९४९ रोजी चिंतामणराव गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले.

अर्थमंत्री

निवृत्तीनंतर लगेचच पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्यांची अमेरिका व युरोपसाठी भारताचे विशेष वित्तदूत म्हणून नेमणूक केली. अमेरिकेकडून गव्हासाठी कर्ज मिळवण्याची प्राथमिक बोलणी त्यांनी केली. १९५१ मध्ये अमेरिकेने १९ कोटी डॉलरचे धान्यकर्ज मंजूर केले. १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला, तेव्हा चिंतामणराव त्याचे सदस्य झाले. अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यावर त्याच वर्षी त्यांच्याकडे अर्थखाते आले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

१९५१-५२ ते १९५६-५७ या वर्षांचे अर्थसंकल्प त्यांनी मांडले. पहिली पंचवार्षिक योजना (१९५१–५६) त्यांच्याच काळात राबवली गेली. अन्नटंचाईच्या पार्श्वभूमीवर या योजनेत शेती, पाटबंधारे आणि वीज यांना अग्रक्रम मिळाला. योजनेसाठी पैसा उभारताना तुटीच्या अर्थभरण्याचा मर्यादित वापर करावा, कर व बचत यांतून जास्तीत जास्त रक्कम उभी करावी आणि परदेशी मदत पूरक असावी, असे त्यांचे धोरण होते.

१ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेचे रूपांतर भारतीय स्टेट बँकेत झाले. जानेवारी १९५६ मध्ये सरकारने आयुर्विम्याचा व्यवसाय ताब्यात घेतला. २४५ विमा कंपन्या व भविष्य निर्वाह संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. सामान्य माणसाची बचत सुरक्षित राहावी व तीच राष्ट्राच्या विकासाला भांडवल म्हणून मिळावी, असा दुहेरी हेतू या निर्णयामागे होता. जागतिक बँकेच्या सहकार्याने खासगी उद्योगांना कर्ज देणारे भारतीय औद्योगिक पत व गुंतवणूक महामंडळ (आयसीआयसीआय) हेदेखील १९५५ मध्येच सुरू झाले.

ग्रामीण पतपुरवठा

१९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समिती नेमली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे तिचे सदस्य होते. समितीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी असल्याचे त्यात आढळले. सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून येत होते.

या आकड्यांमागचे वास्तव महाराष्ट्राला परिचित होते. ठाणे जिल्ह्याच्या जव्हार, मोखाडा, डहाणू या डोंगरी भागांत पावसाळ्यापुरती खावटी काढावी आणि सुगीला ती दामदुपटीने फेडावी, हा आदिवासी कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणारे लग्नगडी याच भागातले. पाऊस लांबला की कर्ज वाढे आणि कर्ज वाढले की जमीन हातची जाई.

समितीच्या शिफारशींवरून सहकारी पतसंस्थांत सरकारने भागीदार व्हावे हे धोरण स्वीकारले गेले. स्टेट बँकेवर पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी टाकण्यात आली. शेतीकर्जासाठी रिझर्व्ह बँकेत दीर्घ मुदतीचा निधी १० कोटी रुपयांच्या आरंभीच्या रकमेने उभारला गेला. याच मार्गाने पुढे जुलै १९८२ मध्ये राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक (नाबार्ड) अस्तित्वात आली. या उपायांनी सावकारी पूर्णपणे हटली नाही आणि डोंगराळ भागांत बँकेची शाखा पोहोचण्यास आणखी बराच काळ लागला.

संयुक्त महाराष्ट्र आणि राजीनामा

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने मुंबईसह मराठी भाषकांचे स्वतंत्र राज्य नाकारले. त्यानंतर जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधानांनी जाहीर केला. मुंबईत लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे बळी गेले. चिंतामणराव केंद्रीय मंत्रिमंडळातील ज्येष्ठ सदस्य होते. ते स्वतः कोकणचे असून मुंबईच्या दाराशी असलेल्या मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. त्यांनी तेव्हाच पदत्यागाची इच्छा कळवली, परंतु त्यांना थांबण्यास सांगण्यात आले.

केंद्राची भूमिका बदलत नाही असे पाहून जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. लोकसभेतील निवेदनात त्यांनी मुंबईबाबतच्या अन्यायावर बोट ठेवले. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात पुरेशी चर्चा न होता घेतला गेला, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. गोळीबाराची चौकशी करण्यास सरकार तयार नसल्याबद्दलही त्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. नेहरूंनी कार्यपद्धतीवरील हा आरोप अमान्य केला. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली असताना अर्थमंत्र्यांनी बाहेर पडणे देशहिताचे नाही, अशी टीकाही झाली. महाराष्ट्रात मात्र त्यांचा हा निर्णय नैतिक धैर्याचा मानला गेला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

शिक्षण व संशोधन क्षेत्रातील कार्य

मंत्रिपद सोडल्यावर १९५६ मध्ये ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले व १९६१ पर्यंत त्या पदावर राहिले. आयोगाला त्याच वर्षी वैधानिक दर्जा मिळाला होता. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते.

आर्थिक धोरण पुराव्यावर उभे असावे आणि पुरावा गोळा करणाऱ्या संस्था सरकारच्या दबावापासून दूर असाव्यात, ही त्यांची धारणा होती. १९४५ ते १९६४ या काळात ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीला त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात भक्कम पाठबळ मिळाले. दारिद्र्य, खप व रोजगार यांविषयीचे भारतातील संशोधन दीर्घकाळ या पाहणीच्या आकडेवारीवर आधारलेले आहे. १९६५ ते १९७४ या काळात ते दिल्लीच्या आर्थिक विकास संस्थेचे अध्यक्ष होते. हैदराबादच्या प्रशासकीय अधिकारी महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

नवी दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही त्यांच्या कल्पनेतून साकारलेली संस्था होय. विविध देशांतील विचारवंतांना मोकळेपणाने चर्चा करता यावी, या हेतूने उभारलेल्या या केंद्राचे उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये झाले.

१९५९ मध्ये त्यांनी सार्वजनिक जीवनातील भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी उच्चाधिकार असलेले कायमस्वरूपी निःपक्षपाती न्यायाधिकरण नेमण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही, परंतु तिच्यावर देशभर चर्चा झाली. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी त्यांना उमेदवारी दिली. त्या चुरशीच्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी विजयी झाले, नीलम संजीव रेड्डी दुसऱ्या व चिंतामणराव तिसऱ्या स्थानी राहिले.

कौटुंबिक जीवन

चिंतामणरावांचा पहिला विवाह १९२० मध्ये रोझिना सिलकॉक्स या इंग्रज महिलेशी झाला. त्यांना एक मुलगी होती. रोझिना यांचे १९४९ मध्ये निधन झाले. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांनी दुर्गाबाई यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जवाहरलाल नेहरू या विवाहाचे एक साक्षीदार होते. दुर्गाबाई देशमुख या स्वातंत्र्यसैनिक, संविधान सभेच्या सदस्य आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. ९ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

लेखन

प्रशासनाच्या व्यापातही चिंतामणरावांनी संस्कृतचा व्यासंग सोडला नाही. कालिदासाच्या ‘मेघदूता’चा त्यांनी मराठीत अनुवाद केला. महात्मा गांधींच्या निवडक वचनांचे त्यांनी संस्कृत श्लोकांत केलेले रूपांतर ‘गांधीसूक्तिमुक्तावली’ या नावाने प्रसिद्ध झाले. ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९७४ मध्ये प्रकाशित झाले. अर्थविषयक व्याख्यानांचे संग्रहही त्यांच्या नावावर आहेत.

सन्मान आणि निधन

ब्रिटिश सरकारने १९४४ मध्ये त्यांना सर हा किताब दिला. १९५२ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजने त्यांना सन्माननीय फेलो केले. १९५९ मध्ये शासकीय सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९७५ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान त्यांना मिळाला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

रिझर्व्ह बँकेतर्फे त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यानमाला चालवली जाते. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. रोहा येथील वाणिज्य महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. ठाणे येथील चिंतामणराव देशमुख प्रशासन प्रशिक्षण संस्थेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले जाते.

वारसा

ब्रेटन वुड्स येथे भारताने उपस्थित केलेले प्रश्न त्या परिषदेत सुटले नाहीत. बाजारभावाच्या व्याजाने कर्ज फेडणे गरीब देशांना झेपत नाही, हे १९५० च्या दशकात स्पष्ट होत गेले. संयुक्त राष्ट्रसंघात व्ही. के. आर. व्ही. राव आदी अर्थतज्ज्ञांनी सवलतीच्या कर्जाची मागणी लावून धरली. परिणामी १९६० मध्ये जागतिक बँकेच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय विकास संघटना स्थापन झाली. अत्यल्प व्याजाने व दीर्घ मुदतीने कर्ज देणाऱ्या या संस्थेचा भारत अनेक वर्षे मोठा लाभार्थी होता.

एकविसाव्या शतकात हाच वाद हवामानबदलाच्या संदर्भात पुन्हा उभा राहिला आहे. विकसनशील देशांना दरवर्षी १०० अब्ज डॉलर उपलब्ध करून देण्याचे लक्ष्य २००९ मध्ये कोपनहेगन येथे ठरले. २०१० मध्ये हरित हवामान निधीची स्थापना करण्याचा निर्णय झाला. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत दरवर्षी किमान ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट निश्चित झाले, मात्र ही रक्कम अपुरी असल्याचे सांगून भारताने आक्षेप नोंदवला. मदत अनुदान म्हणून मिळावी की कर्ज म्हणून, जुनी देणी कोणी आणि केव्हा फेडावीत, निर्णय घेणाऱ्या संस्थांत मतांचे वाटप कसे असावे, हे आजच्या चर्चेतील प्रश्न १९४४ च्या प्रश्नांशी नाते सांगणारे आहेत. नाणेनिधीतील भारताचा कोटा आजही सुमारे पावणेतीन टक्के आहे. जगाच्या लोकसंख्येतील भारताच्या वाट्याशी त्याची तुलना केली असता प्रतिनिधित्वाचा प्रश्न अद्याप कायम असल्याचे दिसते.

चिंतामणरावांच्या काळात हवामानबदल हा आर्थिक धोरणाचा विषय झालेला नव्हता. परंतु पाऊस, शेती, कर्ज आणि भांडवल ही साखळी जमाबंदी अधिकाऱ्यापासून अर्थमंत्र्यापर्यंतच्या प्रत्येक पदावर त्यांच्यासमोर होती. त्यामुळे विकास वित्ताच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांच्या कार्याची नोंद घ्यावी लागते.